लस दुकानात, सुई दुसरीकडे

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आईसाठी फ्लूची लस आणायला मेडिकलमध्ये गेलो. फार्मासिस्टने फ्रिजमधून लस काढली, बर्फाच्या पाकिटासोबत थर्माकोलच्या डबीत ठेवली आणि बजावले, ‘लगेच टोचून घ्या.’ लगेच कुठले! डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत दोन तास गेले. २ ते ८ अंश तापमानात ठेवायची लस तोवर माझ्या मांडीवर, आणि बर्फाचे केव्हाच पाणी झालेले. ती शेवटी कितपत कामाची उरली, देव जाणे.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून सरकारी आरोग्यसेवेतर्फे फ्लूची लस औषध दुकानांतही टोचली जाते. पोर्तुगालमध्ये तर दुकानांत लस टोचायला २००७ पासूनच परवानगी आहे. आपल्याकडेही फार्मासिस्टने दुकानातच लस टोचावी, निदान मोठ्यांच्या फ्लू आणि धनुर्वाताच्या लशींपासून सुरुवात का करू नये? बाळांचे लसीकरण आरोग्य केंद्रांकडेच राहू द्या. तिथल्या सिस्टर ते उत्तम करतात.

अर्थात आधी रीतसर प्रशिक्षण हवे. क्वचित कुणाला लशीची तीव्र रिअॅक्शन येते, तेव्हा अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाताशी हवे आणि ते देता यायला हवे. लस घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटे टेकायला खुर्चीही हवी. आणि मुख्य म्हणजे फार्मासिस्ट स्वतः दुकानात हवा! भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि काउंटरवर भलताच पोरगा, अशा दुकानात मी तरी दंड पुढे करणार नाही.

– एक वाचक, सातारा