आधी चिप, मग लस : आमच्या डॉक्टर मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातलं एखादं कुत्रं किंवा मांजर फ्रँकफर्टला सुखरूप उतरलं की घरच्यांचा आभाराचा फोन आम्हाला येतो. कागद आम्ही जमवतो, क्रेट म्हणजे प्रवासाचा पिंजरा आम्ही मापतो, विमानतळावर पहाटे आम्ही उभे असतो, म्हणून श्रेयही आमच्याच पदरात पडतं. पण त्या प्राण्याचं खरं काम चार-पाच महिने आधी तुमच्या दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर उरकलेलं असतं. तिथे एक तारीख चुकली असती, तर पुढे आम्ही कितीही धावपळ केली तरी उपयोग नव्हता. हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. बाकीच्यांनाही कळावं म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत. त्यात थोडा स्वार्थही आहे: इतर डॉक्टरांनी आणि जाऊ घातलेल्या मंडळींनी हे वाचलं, तर आमच्याकडे येणारी अर्धी प्रकरणं तरी सरळ येतील.

तुमच्याकडे आधी लगीन चिपचं, म्हणजे कातडीखाली बसवायच्या ओळख-नंबराच्या मायक्रोचिपचं. बाकी सगळं नंतर. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच फसतात. युरोपीय संघाचा नियम असा, की रेबीजची लस चिप बसवल्यानंतर, निदान त्याच दिवशी चिपनंतर, दिलेली हवी. चिपच्या आधीची लस त्यांच्या लेखी दिलेलीच नाही. कारण साधं आहे: चिप नसेल तर लस नेमकी कोणत्या कुत्र्याला टोचली हे कोण सांगणार? घरचे मात्र पाच वर्षांचं लसीचं पुस्तक घेऊन येतात, पानं भरलेली असतात, आणि चिप बसवायची राहिलेली असते. अशा वेळी तुम्ही एक दिवसही मागे-पुढे करून लिहून देत नाही. चिप बसवता, त्याच दिवशी पुन्हा लस देता आणि सांगता, ‘मोजणी आजपासून.’ त्या क्षणी घरच्यांचा चेहरा पडतो. पण त्या कडकपणामुळे पुढे कुणाचं जनावर परदेशातल्या विमानतळावर अडकून पडत नाही.

चिपही कोणतीही चालत नाही. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकड्यांची हवी. दहा आकड्यांची जुनी चिप तिथल्या स्कॅनरवर वाचली जाईलच असं नाही. तुमची पद्धत आम्ही बघून शिकलो: सुईतून बाहेर काढायच्या आधी चिप पाकिटातच स्कॅन करायची, बसवल्यावर दुसऱ्यांदा, आणि कुत्रं टेबलावरून उतरायच्या आधी तिसऱ्यांदा. आकडे तीन-तीनच्या गटात मोठ्याने वाचायचे, ‘नऊ-शून्य-शून्य, पुढे…’, आणि समोरच्याने पुस्तकात लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. चिपसोबत आलेले बारकोडचे स्टिकर लसीच्या पुस्तकावर, प्रयोगशाळेच्या अर्जावर आणि रक्ताच्या नळीवर. हाताने लिहिताना ६ आणि ८ ची अदलाबदल सहज होते. स्टिकरवर ती होत नाही. चिप कधीकधी मानेवरून खांद्याकडे किंवा छातीकडे सरकते, म्हणून तुम्ही स्कॅनर फक्त मानेवर न फिरवता दोन्ही खांद्यांवरून, कोपरापर्यंत नेता. बॅटरी उतरलेल्या स्कॅनरला चिप सापडत नाही आणि चिपच गेली असं वाटतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता रक्ताकडे येतो, कारण आमच्या मते तुमचं खरं कसब तिथे आहे. रेबीजच्या बाबतीत भारत युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत नाही. त्यामुळे लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन टायटर चाचणी, म्हणजे रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं किती आहेत याची मोजणी, करावी लागते. निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलि किंवा त्याहून जास्त यावा लागतो, आणि तोही संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतून. फ्रान्समधल्या नान्सी इथली प्रयोगशाळा रेबीजसाठी त्यांची संदर्भ प्रयोगशाळा आहे, पण यादीत इतरही आहेत. यादी पाहिल्याशिवाय नमुना पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. हे तीन महिने निकालाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. १ जूनला चिप आणि लस, ३० दिवसांनी म्हणजे १ जुलैला रक्त, आणि १ ऑक्टोबरनंतर प्रवास. तिकिटं आधी काढून मग तुमच्याकडे येणाऱ्यांना हे गणित ऐकवणं हे दरवेळचं दुःखद काम तुम्ही न कंटाळता करता.

आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्याची प्रतिपिंडं काही आठवड्यांनी पुन्हा खाली येऊ लागतात. रक्त दोन-अडीच महिन्यांनी घेतलं तर ०.५ च्या खाली येण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा जनावराला तुम्ही तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देता, दुसऱ्या डोसपासून ३० दिवस मोजता, आणि पुढचा आठवडा उलटायच्या आत रक्त घेता. घरच्यांना तीन-चार आठवड्यांचा उशीर खटकतो. पण निकाल नापास आला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस आणि पुन्हा तीन महिने.

नळी लाल झाकणाची, साधी. जांभळ्या झाकणाची नाही, कारण तिच्यात रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि आपल्याला हवं असतं ते सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी. सुमारे पाच मिलि रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून सावकाश ओढायचं. बारीक सुईतून जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात. नळी हलवायची नाही, अर्धा तास उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. वर आलेलं सीरम गवती पिवळं हवं. गुलाबी झाक दिसली तर तुमचे कंपाउंडर ते पुढे जाऊ देत नाहीत, नवीन रक्त घ्यायला लावतात. अख्खं रक्त कधी गोठवायचं नाही, आधी सीरम वेगळं करायचं. दोनेक मिलि सीरम प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या नळीत, नळीवर चिपचा नंबर आणि रक्ताची तारीख, भोवती शोषणारा कापूस, मग दुसरा डबा, मग थंड पॅक. मे महिन्यात पाकीट गुरुवारी-शुक्रवारी कुरिअरला देऊन शनिवार-रविवार गोदामात तापत ठेवायचं नाही, सोमवारीच द्यायचं. असल्या गोष्टी कुठल्याही नियमात छापलेल्या नाहीत.

एकदा पास झालेला टायटर पुढे कायम चालतो, पण एका अटीवर: रेबीजचा बूस्टर मुदत संपायच्या आत दिलेला हवा. एक दिवस उशीर झाला की टायटर रद्द, सगळं पहिल्यापासून. म्हणून तुम्ही पुस्तकात फक्त ‘लस दिली’ असं न लिहिता लशीचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि ‘कधीपर्यंत वैध’ ही तारीख लिहिता, आणि महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिता. ०५/०६ हे जर्मनीत ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. जर्मनीत राहणारी मंडळी कुत्र्याला घेऊन दिवाळीला पुण्यात यायची असतील, तर निघण्याआधी तिथेच टायटर करून पेट पासपोर्टवर नोंदवून घ्या, म्हणजे परतताना तीन महिन्यांची अट लागत नाही, हा सल्लाही तुमच्याचकडून फोनवर जातो. त्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत.

शेवटचा कागद तुमच्या हातात नसतो. तुमचं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन आम्ही मुंबईला केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेकडे, म्हणजे एक्यूसीएसकडे जातो. युरोपीय संघाचा आरोग्य दाखला सही करतो तो तिथला सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी. खासगी डॉक्टरची सही तिथे चालत नाही, कितीही मोठा शिक्का असला तरी. सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात प्रवेश व्हायला हवा. विमान पुढे ढकललं आणि अकरावा दिवस उजाडला की नवा दाखला. दाखल्याचा नमुना इंग्रजीसोबत ज्या देशात आधी उतरणार त्या देशाच्या भाषेतला हवा, फ्रँकफर्टसाठी जर्मन. सही-शिक्क्याची शाई छापील मजकुराहून वेगळ्या रंगाची लागते, म्हणून तुमच्या टेबलावर निळ्याच पेनांचा डबा. मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्राणी गेला पाहिजे आणि एका वेळी पाचच. त्याबाहेर गेलं की ती व्यापारी वाहतूक ठरते आणि दुसराच कागद लागतो. तुमच्या फिटनेस सर्टिफिकेटवर रंग, जात, वय आणि चिप नंबर पुस्तकाशी अक्षरन् अक्षर जुळतात, म्हणून मुंबईत आमची फेरी एकदाच होते. देशी कुत्र्याला तुम्ही ‘लॅब मिक्स’ लिहीत नाही, देशीच लिहिता, याचेही वेगळे आभार.

नाही म्हणायची हिंमत हीसुद्धा तुमची मदतच. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर, शिवाय त्यांचे संकर, यांना जर्मनीत राहायला आणायलाच बंदी आहे. हे तुम्ही पहिल्या भेटीत सांगता, चिपचे पैसे घ्यायच्या आधी. बसक्या नाकाच्या पगला किंवा बुलडॉगला उन्हाळ्यात कार्गोत पाठवू नका, हेही सांगता. अशा जाती श्वासावाटेच अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यांचा तो रस्ताच अरुंद असतो. आणि गुंगीचं औषध मागणाऱ्यांना तुम्ही साफ नकार देता. गुंगीत रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि वर आकाशात बघणारं कुणी नसतं. गुंगवलेला प्राणी विमान कंपन्या घेतही नाहीत.

क्रेट हा खरं तर आमचा प्रांत, पण त्यातही तुमची टेप कामाला येते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, आणि कानाच्या टोकापर्यंत उंची. लांबी म्हणजे पहिलं माप अधिक कोपराच्या मापाचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांची दुप्पट. उंची म्हणजे कानाचं टोक अधिक अंथरूण. ७५, ३२, २० आणि ६६ सेंटिमीटरच्या देशी कुत्र्याला ९१ लांब, ४० रुंद आणि अंथरूण तीन सेंटिमीटर धरलं तर ६९ उंच क्रेट लागतो. देशी कुत्र्याचे कान ताठ असतात, घरचे डोक्यापर्यंतच मोजतात आणि पाच-सात सेंटिमीटर कमी पडतात. बसक्या नाकाला दहा टक्के जास्त. प्लास्टिकच्या क्लिपा काढून धातूचे नट-बोल्ट, चाकं काढलेली, चारी बाजूंनी हवा, पाण्याचं भांडं दारावर बाहेरून भरता येईल असं. ते आदल्या रात्री पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं, बर्फ हळूहळू वितळतो आणि चढवताना सांडत नाही. क्रेट निदान सहा आठवडे आधी घरात आणा, जेवण त्यातच द्या, असं तुम्ही चिपच्या दिवशीच सांगून ठेवता. विमानतळावर आत जायला नकार देणारं कुत्रं आणि आत जाऊन झोपणारं कुत्रं यांतला फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो.

देश बदलला की नियम बदलतो, आणि तुम्ही तो दरवेळी नव्याने वाचता. ब्रिटनला कुत्रं असेल तर प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीचं औषध, डॉक्टरच्या नोंदीसह, आणि विमानात कार्गो म्हणूनच. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून भारतातून जाणाऱ्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने, चिप, सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा अर्ज, आणि ज्या विमानतळावर त्यांचं नोंदणीकृत प्राणी केंद्र आहे तिथेच उतरायचं. टायटर नसेल तर तिथे २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेता येत नाही, हे ऐकून लोक वाद घालतात. तुम्ही शांतपणे त्यांच्याच सरकारचं पान उघडून समोर धरता.

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे दोन मांजरं आणि एक लॅब्रेडॉर पाठवतो आहोत, तिघंही म्युनिकला जायची आहेत. लॅब्रेडॉरच्या पुस्तकात मार्चमधली लस आहे, चिप नाही. घरच्यांना सगळं समजावून सांगितलं आहे, तरी ते तुम्हाला एकदा विचारतीलच. स्कॅनरच्या चार बॅटऱ्या सोबतच्या पाकिटात आहेत.

आपले,
परदेशी निघालेल्या प्राण्यांचे कागद सांभाळणारे आम्ही दोघं