सूचना : रविवारच्या चर्चेपूर्वी वाचून यावयाचे

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, हेदर फॉसेट यांच्या ‘एमिली वाइल्ड्स मॅप ऑफ द अदरलँड्स’ (२०२४) या कादंबरीवरील चर्चा येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत होईल. परीलोकाचा अभ्यास करणारी केंब्रिजची प्राध्यापिका आणि तिच्या प्रेमात पडलेला, आपल्या राज्यातून हद्दपार झालेला परीराजा यांची ही कथा १९१० साली ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात जाते. हा मालिकेतील दुसरा भाग असल्याने पहिला (२०२३) वाचलेला असावा. तो न वाचलेल्यांना मज्जाव नाही, मात्र त्यांच्यासाठी मागचे कथानक पुन्हा सांगितले जाणार नाही.

१. कादंबरी रोजनिशीच्या रूपात असून तिच्यातील लोककथांची खरी गंमत तळटीपांत आहे, म्हणून त्या वगळू नयेत. (गेल्या वेळी कोणी वगळल्या होत्या, हे लगेच ध्यानात आले!)

२. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहातील (पहिला खंड, १८१२) आवडीची एक कथा वाचून यावे. हे बंधू स्वतः ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होते आणि हॅनोव्हर या जर्मन राज्याच्या राजाने राज्यघटना रद्द केल्याचा निषेध केल्यामुळे १८३७ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. तेव्हा परीकथा आणि विद्यापीठ यांचे नाते कादंबरीपुरतेच नाही.

३. तिसरा भाग वाचलेल्यांनी त्यातील काहीही उघड करू नये.

खुर्च्या मोजक्याच आहेत, तरी येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

– समन्वयक