विज्ञानकथा निवडताना नावे झाकाल का?

महोदय,

विज्ञानकथांचे एक नवे संकलन नुकतेच दादरला घेतले. लोकलमध्ये अनुक्रमणिका चाळली, तर निम्म्या कथा आधीच वाचलेल्या! प्रस्तावनेत 'प्रातिनिधिक निवड' एवढेच. प्रतिनिधित्व कशाचे, ते गुलदस्त्यात.

संपादकांची अडचण कळते. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क वारसांकडे असतात. त्यांना शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. मग परवानगी सहज मिळते त्याच कथा फिरून फिरून येतात. पण खरी गोम वेगळीच आहे. एका छोट्या प्रकाशकासाठी मी एकदा चाळीसेक हस्तलिखिते वाचली होती. बहुतेकांत पहिली तीन पाने यानाच्या वर्णनाची. एकीत मात्र चाळीच्या बोअरिंगचे पाणी एका सकाळी गोड लागते आणि बिऱ्हाडे हबकतात, बस्स. ती मी गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली. 'लेखिका कोण? नाव ऐकलं नाही,' म्हणत प्रकाशकाने ती तळाशी टाकली.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले, ते कथेला.

संपादकांनी निदान पहिल्या वाचनाला नावे झाकावीत, आणि कथा प्रथम कुठे, कधी छापली ते खाली द्यावे. माझ्या हातातल्या पुस्तकात एकाही कथेखाली साल नाही.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई