त्या रुमालासाठी, आजोबा

प्रिय आजोबा,

काल प्रबंध मंजूर झाला, 'टॅगर्ट' ही स्कॉटलंडची पोलीस मालिका उभी करणाऱ्या लेखक ग्लेन चँडलर यांच्यावरचा. मेल वाचली आणि आईला फोन लावायच्या आधी तुमचा जिना डोळ्यांसमोर आला. इंग्रजीत तुम्हाला वेगळं लिहिलंच आहे, पण त्यात मन काही मोकळं झालं नाही. म्हणून हे मराठीत. निदान माझ्या माणसांना तरी कळू दे, ग्लासगोतले माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी, तुम्ही कोण ते.

ग्लासगोतलं माझं पहिलं वर्ष आठवलं की अजून घशाशी येतं. ज्यांनी मला वाट दाखवायची, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "टीव्हीवर पोलिसांच्या मालिका लिहिणाऱ्या माणसावर कसला प्रबंध?" ज्यांच्या कपाटात जुनी रेकॉर्डिंग पडून होती, त्यांनी माझ्या चार पत्रांची साधी पोचही दिली नाही. आणि तुम्ही, आयुष्यभर बस चालवलेला माणूस, दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना थांबलात आणि विचारलंत, कशावर शिकतेस? मी म्हटलं, ग्लेन चँडलर. तुम्ही पिशवी तिथेच पायरीवर टेकवली. ग्लासगोच्या या मेरीहिल भागात राहून 'टॅगर्ट'वर काम करतेस आणि अजून माझं दार वाजवलं नाहीस?

तुमच्या पलंगाखालच्या त्या व्हीएचएस कॅसेट! प्रत्येकीवर तुमच्या तिरक्या अक्षरात तारीख. 'टॅगर्ट'ची पहिली कथा, 1983 ची 'किलर', तिचे तीन भाग आपण किती वेळा पाहिले असतील? मला ग्लासगोची बोली कळायची नाही. तुम्ही दर वाक्याला टेप थांबवायचात, स्वतः सावकाश म्हणून दाखवायचात, मग परत लावायचात. 'मर्डर' या एवढ्याशा शब्दात दोन 'र' कसे घोळवायचे, हे मी तुमच्याकडून शिकले. कंटाळा म्हणून कधी चेहऱ्यावर दिसला नाही तुमच्या.

चँडलर मुळात एडिनबरोचे, जन्म 1949 चा. आधी लंडनमधली छोटी रंगभूमी, मग बीबीसीसाठी रेडिओ आणि टीव्ही. रेडिओसाठी लिहिणाऱ्याच्या हाताशी चेहरा नसतो, रस्ता नसतो, रक्ताचा डाग नसतो. जे आहे ते बोलण्यातून आणि गप्प राहण्यातून. आमच्या घरी आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत मी वाढले, त्यामुळे हे मला आतून ठाऊक होतं. मालिकेतला पोलीस अधिकारी टॅगर्ट घरी येतो, व्हीलचेअरवरच्या बायकोशी दोन शब्द बोलतो आणि त्यातच त्यांचा सगळा संसार कळतो. तो प्रसंग डोळे मिटून ऐक, असं तुम्हीच मला सांगितलंत. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे तुमचं ते एक वाक्य आहे. शेजारच्या शहरातल्या माणसानं तुमचं ग्लासगो इतकं खरं लिहिलं, वर टॅगर्टच्या जोडीला एडिनबरोकडचा शिकलेला पोलीस सहकारी लिव्हिंगस्टन दिला, याचं तुम्हाला केवढं कौतुक. 1994 साली टॅगर्टची भूमिका करणारे मार्क मॅकमॅनस गेले. टॅगर्टच उरला नाही, तरी मालिका त्याच नावानं 2010 पर्यंत चालली. ते सांगताना तुमचा आवाज बसला होता.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दफनभूमीतला दिवस. चँडलरनी पात्रांची नावं मेरीहिलच्या थडग्यांवरून उचलली, असं सांगतात. मी ते फक्त वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, चल, बघून येऊ. नोव्हेंबर होता, पाऊस भुरभुरत होता, तुमचा गुडघा धरलेला. एका दगडावर एवढं शेवाळ चढलं होतं की अक्षरं दिसेनात. मी पुढे निघाले, तर तुम्ही खाली बसलात. खिशातला इस्त्रीचा पांढरा रुमाल काढलात आणि एकेक अक्षर हळूहळू पुसत गेलात. रुमाल हिरवागार झाला. मग टोपी काढून ते नाव मोठ्यानं वाचलंत, जशी एखाद्याची ओळख करून द्यावी तसं. मी वहीत लिहायचंच विसरले.

आजोबा, मला लागत होतं ते एवढंच. माझं काम कुणीतरी खरं मानावं. पदव्या असलेल्यांना ते जमलं नाही. चांगुलपणाला वेळ लागत नाही म्हणतात, पण लागतो हो, चांगला तासभर लागतो ओल्या गवतात बसून. तुम्ही तो दिलात, बदल्यात काही मागितलं नाहीत. घरी आल्यावर चहासुद्धा तुम्हीच केलात.

चँडलर पुढे नाटकांकडे वळले. त्यांचं रेडिओवरचं लिखाण मला अजून नीट ऐकायचंय. मे महिन्यात येतेय. प्रबंधाची बांधीव प्रत आणतेय, पहिल्या पानावर तुमचं नाव आहे. सोबत आईनं दिलेले चार पांढरे रुमाल. दफनभूमीतली तळ्याकाठची म्हणता ती थडग्यांची रांग आपली बघायची राहिली आहे. गुडघ्याला शेक देत राहा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी