चार पुड्या लिहून घेणाऱ्या वैनींना

निपाणी, जि. बेळगाव

प्रिय वैनी,
सप्रेम नमस्कार.

परवा ह्यांचं दुसरं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर कपाट आवरायला घेतलं आणि तुम्ही 2019 च्या दिवाळीत भरून घेतलेल्या ह्यांच्या विम्याच्या फॉर्मची झेरॉक्स हाताला लागली. तिथंच खाली बसले. तुमचे आभार तोंडानं मानायला गेले की प्रत्येक वेळी तुम्ही "असू दे की वो" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून देते, सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. टेम्पो दारात लावलेला, तुम्ही सोप्यात चटईवर बसलेल्या, मांडीवर फॉर्म. चारच दिवसांपूर्वी दुसरा एक एजंट येऊन गेला होता. "तंबाखू? नाही म्हणून लिवूया. कोण बघतंय!" असं म्हणून त्यानं हप्ता बराच कमी करून दाखवला होता. तुम्ही मात्र विचारलंत, "दादा, दिवसाला किती पुड्या?" हे म्हणाले, "दोन." मी स्वयंपाकघरातनं ओरडले, "चार! खोटं सांगू नका." तुमचं पेन थांबलं. ह्यांच्याकडं बघून तुम्ही चारच लिहिलंत. वर "मावा पण खाता न्हवं?" विचारून तेही लिहिलंत.

आपल्या गावाचं पोटच तंबाखूवर. कुणी वखारीत, कुणी विडीला. तंबाखू खाणं ही लिहून द्यायची गोष्ट आहे, असं आमच्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं. मग तपासणी झाली. लघवीत कोटिनीन नावाचा घटक बघतात आणि तंबाखू खाणाऱ्याच्या अंगात तो सापडतो, हेही तुम्हीच सांगितलंत. हप्ता वाढून आला आणि हे रागावले. "ह्यापेक्षा तो दुसरा बरा होता," असं तुमच्या तोंडावर म्हणाले. वैनी, त्या दिवशी तुमचं काम हातचं जायला आलं होतं. तरी तुम्ही आवाज चढवला नाहीत. माझ्याकडं बोट करून म्हणालात, "दादा, हप्ता तुम्ही भरणार, पण पैसे मागायला उद्या हिला जावं लागंल. कागदावर खोटं निघालं तर हिला रिकाम्या हातानं परत यावं लागंल." हे गप्प झाले आणि त्यांनी सही केली.

25 लाखांचा मुदत विमा आणि त्यावर गंभीर आजाराचा 10 लाखांचा रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडून घेतलेला जादा विमा. त्या रायडरमध्ये दोन प्रकार असतात, हे तुम्ही वहीच्या पानावर आकडे मांडून समजावलंत. एका प्रकारात आजारपणात दिलेले पैसे मूळ विम्यातनं वजा होतात, म्हणजे मागं 15 लाखच उरतात. दुसऱ्यात दोन्ही रकमा वेगळ्या राहतात. दुसरा थोडा महाग होता, तोच घ्या म्हणालात. माझं आधार कार्ड माहेरच्या आडनावाचं आणि रेशन कार्डावर कानडीत सासरचं, तेही तुमच्या नजरेतनं सुटलं नाही. "आधी आधार दुरुस्त करा, मग वारस म्हणून नाव लावूया" म्हणत दोनदा फॉर्म अडवून धरलात. तेव्हा मला तुमचा कंटाळा आला होता. आज कबूल करते.

2021 च्या दिवाळीत ह्यांच्या गालाच्या आतली जखम भरेना. कोल्हापूरला तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पॉलिसीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तीन वर्षांच्या आत दावा आला की कंपनी कसून चौकशी करते, हे मला तेव्हा कळलं. एक माणूस घरी आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेला, कोपऱ्यावरच्या पानपट्टीत जाऊन "हे गिऱ्हाईक कधीपासनं?" म्हणून विचारलं. पानपट्टीवाल्यानं खरं ते सांगितलं, पंधरा-वीस वर्षं. माझे हातपाय गार पडले. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणालात, "सांगू दे की. आपण लिहिलंयच."

आणि पैसे आले. पहिले नव्वद दिवस दावा करता येत नाही, ती मुदत केव्हाच संपलेली, निदानानंतर जे तीस दिवस जावे लागतात तेही झालेले, तुकड्याचा रिपोर्ट तुम्ही पहिल्याच दिवशी जोडलेला. 10 लाख एकरकमी खात्यात. दवाखान्याच्या बिलातलं बरंचसं मेडिक्लेमनं भागवलं होतं, पण घर कोण चालवणार? सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, आम्ही कॅन्सरवरचा रेडिएशनचा शेक घ्यायला निपाणीहून कोल्हापूरला जात होतो. टेम्पो ताडपत्रीखाली उभा. त्याच्यावरचं सोसायटीचं कर्ज ह्या पैशांतनं फिटलं, जामीन राहिलेल्या माझ्या भावावर बालंट आलं नाही. लेकीची फार्मसीची फी भरली. दळण, दूध, लाईटबिल, सगळं चाललं. माझं मंगळसूत्र सोनाराकडं गेलं नाही. हे ताटावर बसायचे, पातळ पेज चमच्यानं घ्यायचे आणि एकदा म्हणाले, "त्या बाईला मी लई बोललो गं." तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, म्हणून आज लिहिते.

आजार परत उलटला. 2023 च्या ऑक्टोबरात हे गेले. दुसऱ्या दाव्याला कसली चौकशी झाली नाही. तीन वर्षं पुरी झालेल्या पॉलिसीवर, विमा कायद्याच्या कलम 45 मुळं, कंपनीला शंका काढता येत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. वारस म्हणून माझं नाव, आधारवर जसं होतं अगदी तसंच. 25 लाख पूर्ण मिळाले. त्यातले बरेचसे बँकेत ठेवीत आहेत, त्याच्या व्याजावर आणि माझ्या शिलाईवर घर चालतं. लेक शेवटच्या वर्षाला आहे.

लोक एजंट म्हटलं की दार लावून घेतात. मीही लावत होते. पण गल्लीतल्या ज्या बायकांनी "नाही" लिहून सह्या केल्यात, त्यांना मी आता ही झेरॉक्स दाखवते आणि तुमच्याकडं पाठवते. दोघी येऊन गेल्या असतील.

आणि एक. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, असं तुम्ही बाजारात भेटल्यावर म्हणालात. मग माझाही विमा काढूया. लेकीला आता माझ्याशिवाय कोण आहे? रविवारी दुपारी या, शिलाई बंद ठेवते. आणि वैनी, सोळाव्या वर्षापासनं मी मशेरी लावते. घरात कुणी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. सकाळी एकदा आणि रात्री निजताना एकदा. तसंच लिहा.

तुमची,
टेम्पोवाल्यांच्या घरची