जुन्या फटफटीला रस्त्यावर चालू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम लागू केले. जुनी गाडी भंगारात जाऊ नये, तिची मूळ घडण शाबूत राहावी आणि तिला कायद्याने ओळख मिळावी, या त्यामागच्या हेतूचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्याच नियमांत अशी अट आहे की, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येईल. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला ही अट जाचणार नाही. मी अचलपूर तालुक्यातल्या खेड्यात राहणारा, सत्तरी ओलांडलेला संत्रा बागायतदार आहे आणि वडिलांची बीएसए एम-२० मोटारसायकल आजही घरून वावरात जाण्यासाठी वापरतो. माझ्या गावाजवळ रॅली भरत नाही आणि प्रदर्शनही नाही. तेव्हा ‘व्हिंटेज’ नोंदणी घेतली, तर या अटीचा माझ्यापुरता अर्थ गाडी गोठ्यात उभी करून ठेवा असा होतो. आणि उभी राहिलेली जुनी गाडी फार दिवस गाडी राहत नाही, हे आपल्या वाचकांपुढे आणि शक्य झाल्यास नियम करणाऱ्यांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदुका बनवण्यासाठी उभ्या राहिलेल्या या कंपनीचे चिन्ह एकमेकींना टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका हे होते, आणि आमच्याकडची म्हातारी माणसे माझ्या गाडीला अजून ‘तीन बंदुकीवाली फटफटी’ म्हणूनच ओळखतात. एम-२० हे मॉडेल १९३७ मध्ये निघाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या पुरवल्या गेल्या, आणि १९५५ पर्यंत तिचे उत्पादन चालले. ४९६ सीसीचे एकच सिलिंडर, बाजूला बसवलेले व्हॉल्व्ह, पाचाच्या आतला कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) आणि अवघी १३ अश्वशक्ती, असा तिचा संसार आहे. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावी आणि साध्या हत्यारांनी कुठेही उघडता यावी, या हिशेबाने ती घडवलेली आहे. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या मालात वडिलांना ती मिळाली आणि तेव्हापासून पांदणीचा चिखल, कपाशीच्या दिवसांतली धूळ आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन तिने पाहिले आहे.

अशी गाडी चार-सहा महिने उभी राहिली की काय होते, ते ज्याने पाहिले नाही त्याला तिची काळजी म्हणजे हौस वाटते. हिचे ऑईल इंजिनाच्या पोटात नसते, वेगळ्या टाकीत असते. गाडी उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरते आणि ते काढून टाकल्याशिवाय किक मारली तर सीलमधून बाहेर येते. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. पावसाळ्यात टाकीत आतून गंज धरतो आणि त्याची तांबूस भुकटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात, जाऊन बसते. सर्वांत नाजूक असतो तो मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र. त्याच्या जुन्या गुंडाळीने ओल धरली की ठिणगी मंदावते, आणि ती गुंडाळी पुन्हा भरून देणारा कारागीर आता विदर्भात सहजी सापडत नाही. यांतली बहुतेक दुखणी आठवड्यातून काही किलोमीटर गाडी चालवल्याने टळतात. इंजिन चांगले तापते, आतली ओल उडून जाते, ऑईल आपल्या जागी फिरत राहते. प्रदर्शनापुरती ट्रकमधून नेलेली आणि तशीच परत आणलेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत दिसली, तरी आतून ती रोज थोडी मरत असते.

या वयात ही गाडी चालवणे झेपते का, असे मला नेहमी विचारले जाते, आणि घरच्यांची काळजी खोटी नाही. गाडीचे वजन १७० किलोच्या घरात आहे आणि माझे गुडघे तरुण राहिलेले नाहीत. पण ही गाडी जोराने सुरू होत नाही, रीतीने सुरू होते. पेट्रोलचा कॉक उघडायचा, अमल कार्बोरेटरवरची टिकली बोटाने दाबून धरायची आणि पेट्रोलचा थेंब बाहेर आला की सोडायची. हँडलवरच्या लिव्हरने ठिणगीची वेळ मागे घ्यायची. हे राहून गेले तर किक उलटी बसते आणि तिने घोटा मोडू शकतो. मग पाय किकवर ठेवून ती सावकाश दाबत न्यायची, जिथे इंजिन अडते तिथे थांबायचे, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर ओढून पिस्टन त्या अडचणीच्या किंचित पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि शरीराचे वजन एकदाच पूर्ण खाली सोडायचे. ताकदीचा धटिंगण पोरगा घामाघूम होऊन बाजूला होतो आणि तीच गाडी म्हातारा माणूस एका किकेत जागी करतो, हे आमच्या चौकात अनेकांनी पाहिले आहे. मागचे स्टँड लावणे मात्र खरोखर जड जाते. त्यासाठी मी मागच्या चाकाखाली एक जाड सागवानी फळी सरकवतो. चाक इंचभर उंच झाले की गाडी स्टँडवर जवळजवळ आपोआप येते. माझ्या वयाच्या कोणाकडे अशी गाडी असेल, तर कमरेवर भार घेण्यापेक्षा त्यांनी ही फळी अवश्य करून पाहावी.

चालवण्यातही काही गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. ड्रम ब्रेकवर नव्या गाडीसारखा भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे चिखलदऱ्याचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर यावे लागते. मागे शॉकअॅब्सॉर्बर नाहीत, सगळा भार सीटखालच्या स्प्रिंगांवर. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर मी ती बाहेर काढत नाही आणि ऑईलही जाड, ५० ग्रेडचे वापरतो. वाळवंटात पाठवलेल्या एम-२० गाड्यांना टाकीवर मोठा हवेचा फिल्टर बसवलेला असे. आमची पांदण वैशाखात वाळवंटापेक्षा फार वेगळी नसते, म्हणून उघड्या कार्बोरेटरने धूळ ओढून सिलिंडर घासून घेण्याऐवजी मीही फिल्टर बसवून घेतला आहे.

आता नियमांकडे येतो. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची नेहमीची नोंदणी ठेवायची, तर तिचेही नूतनीकरण दर पाच वर्षांनी तपासणी करूनच होते. म्हणजे चालवणारा आणि गाडी, दोघांनाही तपासण्याची सोय कायद्यात आधीच आहे, आणि ती योग्यही आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये आणि आयात केलेल्या दुचाकीचे २०,००० रुपये झाले. आपल्या देशात सात-आठ दशके नांदलेल्या ब्रिटिश बनावटीच्या गाडीला यांतला कोणता दर लावायचा, या प्रश्नाला मला एका परिवहन कार्यालयात दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळाली. दुसरीकडे ‘व्हिंटेज’ नोंदणीचे पहिले शुल्क २०,००० आणि नंतरच्या नोंदणीचे ५,००० रुपये आहे, आणि ते भरून हाती येतो तो गाडी न चालवण्याचा परवाना. ही गाडी ज्या देशात बनली त्या ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मुळात फार बदल न केलेल्या गाडीला वाहनकर माफ आहे, वार्षिक तपासणीची सक्तीही २०१८ पासून नाही, आणि तरीही ती रोजच्या रस्त्यावर चालवता येते. आपल्याकडे तपासणी खुशाल ठेवावी. फक्त ‘व्हिंटेज’ नोंदणी असलेल्या दुचाकीला आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत, दिवसाउजेडी, व्यावसायिक कामाव्यतिरिक्त चालवण्याची मुभा द्यावी आणि परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्यांच्या शुल्काबाबत एकच स्पष्ट आदेश काढावा. इतके केले तरी बरेच होईल.

पेट्रोलचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. मी शेतकरी आहे; इथेनॉलमुळे मक्याला आणि उसाला गिऱ्हाईक मिळते याचा मला आनंदच आहे, आणि हे धोरण बदला असे मी म्हणणार नाही. परंतु इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि हे पाणी फार झाले की इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कॉकमधले बूच त्याने खराब होतात, शिवाय हवेच्या मानाने इंधन कमी पडून, म्हणजे मिश्रण पातळ होऊन, इंजिन जास्त तापते. पाइप बदलता येतात, जेट एक नंबर मोठा घालता येतो, गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करता येतो; हे सगळे मी करतो. तरीही तालुक्याच्या ठिकाणी निदान एका पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोल, महाग का असेना, मिळावे. केवळ माझ्या गाडीसाठी ही मागणी नाही. जुन्या फवारणी पंपांची आणि पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांची तक्रारही हीच आहे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. या गाडीचे नट व्हिटवर्थ, म्हणजे इंचावर आधारलेल्या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. त्यांना मिलिमीटरचा पाना बसत नाही, आणि बसवलाच तर नटाची सहा टोके गोल होऊन जातात. परतवाड्यात एक मिस्त्री होते, त्यांच्याकडे व्हिटवर्थ पान्यांचा जुना संच होता आणि कान असा होता की, गाडी लांबून येताना ऐकून टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) सैल आहे की ठिणगी उशिरा पडते आहे, ते सांगत. मॅग्नेटोचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारी टोके, झिजली की ते बारीक पॉलिश पेपरने घासून, फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचातले) १२ हजारांश इंचाचे पाते मध्ये धरून अंतर कसे जुळवायचे, हे मी त्यांच्याशेजारी बसून शिकलो. पाते अडकू नये आणि सैलही फिरू नये, किंचित ओढल्यासारखे लागले की बरोबर. ते गेले, दुकान बंद झाले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली दोन्ही मुले आज फक्त कॉम्प्युटर जोडून बिघाड शोधणाऱ्या गाड्यांचे काम करतात. त्यांचा त्यात दोष नाही, पोट त्यावरच चालते.

ट्रायम्फ या दुसऱ्या जुन्या ब्रिटिश नावाच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकणला बनू लागल्या, बीएसए हे नाव २०२४ मध्ये नव्या गाडीवर भारतीय बाजारात परत आले. या नावांना आज मोल आहे ते जुन्या गाड्यांनी कमावलेल्या लौकिकामुळे. तेव्हा अमरावती विभागातल्या एखाद्या शासकीय आयटीआयने मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला जोडून मॅग्नेटो, कार्बोरेटर, लेथवर सुटा भाग घडवणे आणि रीबोअर (झिजलेला सिलिंडर आतून पुन्हा कोरणे) यांचा एक छोटा वर्ग सुरू करावा. उघडून पुन्हा जोडण्यासाठी गाडी लागली तर माझी देईन, माझ्याकडचे पाने आणि इंग्रजी पुस्तिकेवरून मी मराठीत उतरवून ठेवलेली मापे देईन, आणि शरीर चालते तोवर आठवड्यातून एक दिवस स्वतः येऊन शिकवीन. त्यासाठी मानधन नको. पोरांना गाडी जोडून झाल्यावर ती घेऊन परतवाड्यापर्यंत चक्कर मारता यावी, तेवढी परवानगी कायद्याने असावी.

आपला,
एक संत्रा बागायतदार
अचलपूर तालुका, जि. अमरावती