तुझी तार सापडली

बेळगाव,
आषाढातला रविवार, सकाळपासून पाऊस

प्रिय बंड्या,

आठ महिने मी पत्र नाही की फोन नाही. काकूंच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही. तू रागावला असशील आणि ते बरोबरच आहे. इकडे सगळे बरे. आईची शुगर कधी वर कधी खाली, बाबांचा गुडघा आहे तसाच. झालं घरचं.

आता ऐक. तुमच्या शहापूरच्या घरात सध्या मी रोज जातो. नव्या मालकानं सगळं वायरिंग बदलायला काढलंय आणि ते काम आमच्याकडे आलंय. आमच्याकडे म्हणजे अण्णांकडे, आणि मी अण्णांच्या हाताखाली. हो, मी. हप्ते वसुलीची नोकरी सोडली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि तुला सांगितलं नाही, कारण तू पहिला प्रश्न "किती देतात?" हाच विचारणार. तर देतात दिवसाला साडेचारशे. आधी महिन्याला 31 हजार होते. हिशेब तू कर, मी करायचं सोडलंय.

गुरुवारी माजघरातला जुना बोर्ड उतरवत होतो. तोच, दाराच्या वर, ज्याच्यावर चिमण्यांचं घरटं होतं. पांढऱ्या चिनीमातीचे दोन कटआऊट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे ते जुने ठोकळे. पहिला ओढून काढला आणि हातातच धरून उभा राहिलो. फ्यूजच्या तारेच्या जागी तांब्याची वेणी! तीनपदरी. ताईनं तुला शिकवली होती तीच. पतंगाच्या मंगळसुत्रालासुद्धा तू ती घालायचास आणि आम्ही हसायचो. अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात फ्यूजच्या तारेची वेणी घालणारा दुसरा माणूस दाखव मला.

म्हणजे 1999 च्या गणपतीत ती तार तूच घातली होतीस. पिंट्यानं नाही आणि मी तर नाहीच नाही. हलता देखावा सुरू केला की महाराजांचा हात अर्धा वर जायचा आणि फ्यूज उडायचा. तीन वेळा उडाला, चौथ्यांदा उडालाच नाही, आणि मग मंडपाचा पडदा धुमसायला लागला. आजोबांनी विचारलं, कुणी केलं? माझ्या खिशात पक्कड होती म्हणून थोबाडीत मला. तू समोर उभा राहून चिरमुरे खात होतास. सव्वीस वर्षं झाली, लेका, ती थोबाडीत तुझ्या खात्यावर येणे आहे. आणि मी चौदा वर्षं वसुलीत काढली आहेत, एवढं लक्षात ठेव.

ती टिकली कशी, हेही आता मला कळतं. खरी फ्यूजची तार पातळ असते, करंट जास्त झाला की आधी तीच वितळते आणि घर वाचतं. तुझी वेणी वितळण्यातली नव्हती. तिच्याआधी भिंतीतली वायर जळाली असती. इतकी वर्षं काकूंनी त्या घरात गिझर लावला, मिक्सर लावला, फ्रिज आणला, आणि वर तुझी वेणी. नशीब म्हणायचं.

हे गमतीचं झालं. पत्र त्याच्यासाठी नाही.

मी हे काम का धरलं, ते तुला थोडक्यात सांगतो. लोकांच्या दारात जाऊन हप्ते मागायचे, ते नाही म्हणणार हे माहीत असून मागायचे, आणि महिनाअखेरीला साहेबानं सगळ्यांसमोर आपली लाज काढायची. ते असो, त्या कंपनीचं नावही या पत्रात नको. गेल्या पावसाळ्यात आमच्या दारातला बोअरचा स्टार्टर बिघडला, अण्णा आले आणि मी बॅटरी धरून बसलो. काळा पडलेला कॉन्टॅक्ट त्यांनी पॉलिश पेपरनं घासला, जीभ लावल्यासारखं तोंड जवळ नेऊन फुंकर मारली आणि बटण दाबलं. खाड् करून मोटर सुरू. चौदा वर्षांत माझ्या हातून असं काही "सुरू" झालेलं मला आठवेना. ते डोक्यात राहिलं, आणि राजीनामा दिल्यावर मी त्यांच्या दुकानात. "काय करुलालास रे इथं?" म्हणाले. म्हटलं, शिकवा.

अण्णा मूळचे बैलहोंगलकडचे. मराठी बोलतात, पण घाईत कन्नडच येतं. पहिले दोन महिने मला एकच शब्द: "मुट्टब्याड!" हात लावू नको. नुसता भिंतीत झिरी पाडायचो, पाईप टाकायचो, स्प्रिंग घालून वायर ओढायचो. तिसऱ्या महिन्यात जिन्याचं वायरिंग दिलं. खालून लावा वरून विझवा, वरून लावा खालून विझवा. दोन टू-वे स्विच आणि मध्ये दोन वायरी, एवढंच असतं ते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी सात वेळा वर-खाली केलं, गिऱ्हाइकाची आजी म्हणाली, पोरगं चांगलं आहे पण जरा हे दिसतंय.

एकदा किणयेला पंपाच्या कामाला गेलो तर घरातल्या बाईनं मला बघून आधी मोटरसायकलची चावी पदरात घेतली. तिच्या नवऱ्याच्या गाडीचे हप्ते मीच वसूल करायचो. अण्णांनी सांगितलं, आता हा लाईनवाला आहे. तरी चहा येईपर्यंत चावी पदरातच होती.

बाबांना मात्र पटलेलं नाही. उद्यमबागेत फाउंड्रीत त्यांचे हात कसे झाले ते तू पाहिलेत. "बी.कॉम. करून पक्कडच धरायची होती तर मधली वर्षं कुठं घातलीस?" एवढं एकदाच बोलले. तेव्हापासून माझी हत्यारांची पिशवी दारात दिसली की तिला वळसा घालून जातात. लाथ मारत नाहीत, वळसा घालतात. लाथ परवडली.

आता गुरुवारचं. कटआऊट उतरवले ते दुपारनंतर. सकाळी काय झालं ते आधी सांगायला हवं होतं, पण मी टाळत होतो.

झिरी पाडायला कटर चालवायचा म्हणून मेन चालू ठेवला होता. तुमच्या जुन्या वायरी आठवतात ना, लाकडी पट्टीवर टिनाच्या क्लिपांनी बसवलेल्या? वरचं रबर बोट लावलं की बिस्किटासारखं गळून पडायचं. अण्णांनी एक क्लिप उचकटली, दोन वायरी एकमेकींना लागल्या, फट् करून ठिणगी उडाली आणि सगळं बंद. कटर बंद, बल्ब बंद. मी म्हटलं, अण्णा, फ्यूज गेला. आणि त्या उघड्या वायरी वेगळ्या करून टेप मारावी म्हणून टेबलावर चढलो. डावा हात भिंतीवर. भिंत कशी असते आषाढात तुला माहीत आहे, पाणी झिरपत होतं. उजव्या हातानं वायर धरली.

बंड्या, ते वर्णन करता येत नाही. दुखलं असं नाही. कुणीतरी आतून हाडं धरून हलवतंय, आणि हात माझा राहिलेला नाही. सोड म्हणून सांगतोय आणि तो सोडत नाही. टेबल डगमगलं म्हणून मी खाली पडलो आणि सुटलो. तुमचं ते एक पाय आखूड असलेलं टेबल. काकू त्याच्याखाली पुठ्ठा घालायच्या तेच. पुठ्ठा नव्हता म्हणून वाचलो असं म्हण.

अण्णा आधी ओरडले ते "टेस्टर हच्चिदि येन?" टेस्टर लावला होतास का? लावला नव्हता. सगळं बंद दिसत होतं ना.

सगळं बंद दिसत होतं ते तुझ्यामुळे. त्या बोर्डावर दोन कटआऊट होते, एक फेजला म्हणजे येणाऱ्या लाईनला, एक न्यूट्रलला म्हणजे परतीच्या वायरीला. जुन्या घरांतून असं सापडतं. शॉर्ट झाल्यावर उडायला पाहिजे होता फेजचा. पण तिथं बसली होती तुझी वेणी. उडाला तो न्यूट्रलचा, त्यात बिचारी खरी पातळ तार होती. परतीचा रस्ता तुटला म्हणून बल्ब विझला, पण येणारी लाईन तिथंच उभी. 230 व्होल्ट, दिवा न लावता. अण्णा म्हणाले, न्यूट्रलला एकटा फ्यूज घालू नये हे 1956 च्या विजेच्या नियमांतच होतं. मी म्हटलं, अण्णा, 1956 साली आमचं जे ठरलं तेच अजून मिटेना, फ्यूजचं कोण बघतो? तेवढं एकच वाक्य मी त्या दिवशी धड बोललो.

म्हणजे बघ, 1999 मध्ये मला थोबाडीत बसवलीस आणि सव्वीस वर्षांनी शॉक दिलास.

संध्याकाळी अण्णांनी त्याच जागी माझ्याच हातानं नवा बोर्ड बसवून घेतला. फ्यूजच्या जागी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, आणि शेजारी शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी. हा आरसीसीबी आपल्या जुन्या कॅशियरसारखा आहे. गेले किती, परत आले किती, एवढंच बघतो. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. ती तूट म्हणजे कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललेला करंट. सकाळी तो असता तर मला नुसता चटका बसला असता. त्याच्यावर तपासणीचं एक बटण असतं. अण्णा म्हणाले, दाब. दाबलं, खट् करून पडला. परत उचलला. परत दाबलं. अण्णा काही बोलले नाहीत, चहा आणायला गेले.

हे झालं गुरुवारी. आज रविवार. आणि बंड्या, माझा हात पुढे जात नाही.

शुक्रवारी टेस्टर आधी चालू प्लगात घालून बघितला की तोच बिघडला नाही ना, मग वायरीला लावला, मग परत प्लगात. हे बरोबरच आहे, असंच करायचं असतं. पण मी ते पाच वेळा केलं आणि तरी वायर धरली नाही, हत्यार शोधतोय असं दाखवत राहिलो. काल घरी हिनं मिक्सरचा प्लग घालायला सांगितला तर हात ओले आहेत म्हणालो. हात कोरडे होते. अण्णांचा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला शॉक बसला की तो शिवी देतो, हात झटकतो आणि पुढचा स्क्रू पिळतो. मी एकोणचाळीस. मला शॉक बसला की दोन मुली दिसतात, त्यांची फी दिसते, वळसा घालून जाणारे बाबा दिसतात. हे वयाचं आहे की हे काम माझं नाहीच, हे कसं ओळखायचं? वसुलीत कधी भीती वाटली नाही. तिथं कुणी माझी कॉलर धरली तरी हात थरथरायचा नाही. मग मला तिथंच रहायला पाहिजे होतं का?

घरात कुणाला सांगितलेलं नाही. बाबा काही बोलणार नाहीत, तेच नको आहे. हिनं पाटल्या गहाण ठेवून मला ड्रिल आणि मेगर, म्हणजे वायरीचं रबर धड आहे का ते बघायचं यंत्र, घेऊन दिलाय. सांगितलं तर सोड म्हणणार नाही, नुसती रात्रभर जागी राहील.

आणि त्यात परवा जुन्या साहेबाचा फोन. खानापूरला जागा रिकामी आहे, पगार थोडा वाढवून देतो, गुरुवारपर्यंत कळवा. मी नाही म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो. फोन ठेवल्यावर माझीच मला शरम वाटली, आणि शरमेबरोबर जरा बरंही वाटलं. हे बरं वाटणं मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही म्हणून तुला लिहितोय.

दुसरीकडे अण्णा म्हणतात, आयटीआयला नाव घाल, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स कर, मग परमिट काढ, जन्मभर माझ्या हाताखाली राहणार काय? दहावी पास पोरांच्या बाकावर मी! चिमीच्या वर्गातल्या पोरांचे दादा माझे वर्गबंधू होतील. कॉपी तरी कुणाची करायची?

सल्ला देऊ नकोस. तुझ्या सल्ल्यानं मी कॉमर्स घेतलं.

तुझं काय? वैनींची बदली झाली का? फ्लॅटचं काम पूर्ण झालं असेल तर फोटो पाठव, आणि बिल्डरनं आरसीसीबी बसवलाय का बघ, ते तपासणीचं बटण दाबून बघ. ओंकार दहावीला ना यंदा? त्याला म्हणावं अभ्यास कर. नाही केलास तरी एक काका आहे म्हणावं.

उद्या सकाळी आठला वडगावला जायचंय, मागाच्या कारखान्यात, थ्री-फेजचं काम, 415 व्होल्ट. अण्णांनी मुद्दाम मलाच बोलावलंय की भाचा गावाला गेलाय म्हणून, ते विचारलं नाही. पिशवी भरून दारात ठेवलीय. रात्री नवानंतर फोन कर, त्या वेळी मी गच्चीवर असतो. ही जवळ असेल तर शॉकचं काढू नकोस.

तुझा,
नान्या

ता. क. वेणी पाकिटात घातलीय. आणि तुमच्या हॉलमधला तो कुरकुरणारा पंखा नवा मालक भंगारात काढतोय, तीनशेला देतो म्हणतो. बेअरिंग बदललं की चालेल. घेऊन ठेवू का?